बंद दाराबाहेरचा बाक

दार पुन्हा लागलं आणि मायाचं पित्त खवळलं.

लालबागला त्यांच्या चाळीत दिवसाढवळ्या कुणी दार लावत नाही. आणि परळच्या या सेंटरात, मुलांच्या भीतीवरचं संशोधन म्हणे, ती स्पृहा दर शनिवारी अपेक्षाला आत नेऊन खुशाल दार लोटून घ्यायची. गळ्यात ओळखपत्र, काखेत लॅपटॉप, वय जेमतेम पंचवीस. आतून पोरीचं खिदळणं ऐकू यायचं. घरी आईशी मात्र हूं की चूं नाही.

पहिल्या दिवशी इथल्या लोकांनी बरंच काही समजावलं होतं. मायाचं सगळं लक्ष तिला बिलगून बसलेल्या अपेक्षाकडे. नवऱ्याने, निलेशने, मान डोलावली आणि दोघांनी सह्या ठोकल्या.

बाकावर नलूमावशी असायच्या म्हणून तर माया टिकली. सुती साडी, थर्मासमधला चहा. त्यांच्यापाशी ती सगळं ओकायची. शाळेतून यायला पोरीला जरा उशीर झाला की आपल्याला कसा घाम फुटतो, साधं दूध आणायलाही तिला एकटीला कसं सोडवत नाही. मावशी ऐकून घ्यायच्या. निघताना सहज म्हणायच्या, या आठवड्यात ती क्लासला असताना फोन नका करू, बघा जमतंय का. मग कधीतरी, मसाला दळून आणायला तिलाच पाठवा. मावशींचं मन कसं मोडायचं? माया दात आवळून करायची.

अपेक्षा सुधारली, हे खरं. करी रोडला क्लासला एकटी जाऊ लागली, शाळेच्या सकाळी पोट दुखायचं थांबलं. निलेश ज्याला त्याला सांगत सुटला, स्पृहाताईंनी जादू केली. मायाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रात्र रात्र पोट चोळलं मी, आणि कौतुक हिचं!

आज शेवटचा शनिवार. अपेक्षाने स्पृहासाठी स्वतः रंगवून कार्ड आणलं होतं. आईच्या वाढदिवसालाही कधी केलं नव्हतं. माया इतकी जळली की मावशी "बसा" म्हणत असतानाच तिने उठून दार ढकललं.

"एकदाच सांग," ती स्पृहाला म्हणाली, "मला न सांगितलेलं असं काय सांगते माझी पोर तुला?"

स्पृहा गोंधळून उभी राहिली. तिच्या बोटांना पांढरी पावडर लागली होती.

"मला? काहीच नाही, काकू. आम्ही दोघी कॅरम खेळतो. बाहेर डॉक्टर नलूताईंचं तुमच्याबरोबरचं सेशन संपेपर्यंत."