पाईपबुवांची अट

"आईला सांगणार नाही ना?" ठकीनं पाईपमध्ये तोंड घालून विचारलं.

"नाही," पाईपबुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

जिन्याखालच्या भिंतीतून बाहेर आलेला तो लोखंडी पाईप. त्यातून कित्येक वर्षांत पाणी गेलेलं नव्हतं. मोठ्यांच्या लेखी भंगार. पण ठकीनं हाक मारली की आतून पाईपबुवा ओ द्यायचे. शाळेत कोण रडलं, पडलेला दात कुठे लपवला, सगळं त्यांना ठाऊक. त्यांची अट एकच, खरं बोलायचं. शंका आली की ते आईशप्पथ घ्यायला लावायचे. खोटी घेतली तर आई मरते, हे वर्गातलं शेंबडं पोरही जाणत होतं. ठकीनं आजवर एकही खोटी घेतली नव्हती.

"बाबांकडे एक काकू असते," ठकी कुजबुजली. बाबा आता वेगळ्या घरी राहायचे आणि रविवारी ठकी तिकडे जायची. "ती माझ्या दोन वेण्या घालते. अजिबात ओढत नाही. घरी यायच्या आधी मी सोडून टाकते. मला ती खूप आवडते."

आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

रविवारी ठकी बूट घालून दाराशी उभी राहिली.

"काढ ते बूट," आई म्हणाली. "आजपासून तिकडे जायचं नाही. तुझ्या वेण्या दुसरीनं घालायला मी अजून मेले नाहीये."

वेण्यांचं ठकीनं एकालाच सांगितलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली. फळीवरचा एक डबा बाजूला सरकवलेला होता. मागे तेलकट भिंतीत पाईपचं दुसरं तोंड होतं, पुसून लख्ख केलेलं. पाईपबुवा नव्हतेच. गंमत म्हणजे तिला आईपेक्षा त्यांचाच राग जास्त आला.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि जिन्याखाली जाऊन बसली.

"पाईपबुवा, ती काकू दुष्ट आहे. वेण्या ओढते. मला आईनं घातलेल्याच आवडतात. मी नुसती बाबांना भेटायला जाते."

आत कुठेतरी डबा सरकला.

"खरंच?" आवाज घोगराच होता, पण थरथरत होता.

ठकीनं पाईपच्या कडेला ओठ टेकवले.

"आईशप्पथ," ती म्हणाली.