आधी कुणाला दाखवलंत?

१९७९ साल. बोगोटातल्या उर्दानेता वकिलांकडे नूबिया पेटंटचं काम बघायला नुकतीच लागली होती. मुलगी इंजिनियर, त्यात कॉफीच्या डोंगरातली. म्हणून पहिलंच काम तिला एवेलियोचं मिळालं. तांब्याभर पाण्यात कॉफीची फळं सोलणारं यंत्र त्यानं बनवलं होतं.

आज एवेलियो समोर बसला होता. वकिलांनी वर्तमानपत्र पुढे सरकवलं. डोंगरापलीकडच्या जत्रेत तेच यंत्र विकायला मांडलं होतं.

"आपला अर्ज अजून गेलेला नाही. आणि जगापुढे आलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही. आधी कुणाला दाखवलंत?"

"कुणाला नाही, साहेब. बायकोलासुद्धा नाही. तिला सांगायचं म्हणजे देवळाची घंटाच बडवायची."

मग त्याला आठवलं. "एलिओदोरोनं दांडा वाकवून दिला होता. पण तो माझा कोम्पाद्रे. माझ्या पोराचा धर्मपिता."

नूबिया वर्तमानपत्रातला फोटो बघत होती. यंत्रावर हात ठेवून तिचा मामेभाऊ ऑर्लांदो उभा होता. काही महिन्यांपूर्वी एका रविवारी मामांकडे जेवताना ते म्हणाले होते, "एवढं शिकून बोगोटात कागदच खरडतेस ना?" तिला ते लागलं होतं. हात पुसायच्या कागदावर तिनं सगळं यंत्र काढून दाखवलं होतं. शेजारीच बसलेल्या ऑर्लांदोचा लोहारकामाचा कारखाना होता.

"बाई, तुम्ही आमच्याकडच्या," एवेलियो म्हणाला. "एलिओदोरो असं करील?"

तिनं वर्तमानपत्राची घडी घातली.

"माणसं बोलून जातात," ती म्हणाली.

एवेलियोनं हळूहळू मान डोलावली. उठताना तो तिलाच म्हणाला, "माफ करा. माझ्यापायी तुमचं पहिलंच काम नासलं."

पुढे ऑर्लांदोची यंत्रं एक्वादोरपर्यंत गेली. उर्दानेता थकले आणि कचेरीच्या दारावर नूबियाचं नाव लागलं. एवेलियोनं पुन्हा काही बनवलं नाही. एलिओदोरो दर नाताळात त्याच्या दाराशी यायचा, "माझं चुकलं तरी काय?" म्हणून विचारायचा. दार उघडलं नाही.

एलिओदोरो गेला तेव्हा नूबिया मुद्दाम बोगोटाहून त्यांच्या गावी आली. शवपेटी समोरून जाताना साऱ्या गावानं टोप्या काढल्या. एवेलियोनं काढली नाही. तो आता म्हातारा झाला होता. नूबियानं त्याचा दंड धरून ठेवला होता.