बदली आई

कंपनीनं घरी पाठवलेलं यंत्र हुबेहूब तनुजासारखं होतं. तोच चेहरा, तोच आवाज. अंगाला बाळंतिणीच्या शेगडीतल्या ओव्याचा वाससुद्धा तोच. त्यानं पाळण्यातल्या बाळाला उचलून छातीशी लावलं, तशी तनुजा झेपावली. तिनं बाळ हिसकावून घेतलं.

फोनवर तिचे ऑफिसातले साहेब, लोटलीकर सर, लाडीगोडी लावत होते. "सोमवारी रुजू व्हा, मॅडम. बाळाला काही फरक कळायचा नाही."

"मग हिलाच बसवा की माझ्या खुर्चीत. तुम्हाला तरी कुठं कळणार आहे?"

"छे हो, काहीतरीच! इथं डोकं लागतं."

यंत्र अजून हात पसरून हसत होतं, तनुजाचंच हसू. तिनं बाळाचे गाल पदरानं पुन्हा पुन्हा पुसले.

"मग दुसरं डोकं शोधा, सर. माझं इथं लागतंय."