हिरव्याचं गुलाबी

“बस,” बायको हळूच म्हणाली आणि त्याने नळीची तोटी बंद केली.

बंद केली खरी, पण त्याची नजर आकड्यांवरच राहिली. आकडे कोरलेल्या त्या उभ्या काचेच्या नळीतलं आम्ल जेमतेम खाली सरकलं होतं. इतक्या लवकर तिने कधीच थांबवलं नव्हतं. पाठीमागे मुख्य कार्यालयातून आलेले तपासनीस उभे होते. मातीचा नमुना त्यांनीच आणलेला, त्यात नत्र किती हे त्यांना आधीच ठाऊक. मुद्दाम निकस माती आणली असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

तसं त्याचं काम साधं होतं. माती आम्लात शिजवायची आणि तिच्यातलं नत्र वायूच्या रूपाने चंबूतल्या पाण्यात उतरवायचं, की पाणी हिरवं होतं. मग त्यात वरच्या नळीतून थेंब थेंब आम्ल सोडत राहायचं. हिरव्याचं गुलाबी झालं की थांबायचं. किती आम्ल लागलं त्यावरून मातीत नत्र किती ते कळतं. पोरखेळच म्हणा ना! अडचण एवढीच, की त्याला हिरवं आणि गुलाबी सारखंच दिसे. दोन्ही मातकट, आणि तेही जन्मापासून.

हे बायकोशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. लग्न झाल्या झाल्या त्याने खटपट करून तिला प्रयोगशाळेत चिकटवून घेतलं होतं, आकडे लिहून घ्यायला म्हणून. ती शेजारी बसे आणि रंग फिरला की ओठातल्या ओठात ‘बस’ म्हणे. सहकारी त्या दोघांना बैलजोडी म्हणत. “वहिनींनी बस म्हटल्याशिवाय याचं पान हलत नाही,” अशी थट्टा चाले. तोही सगळ्यांबरोबर हसे. हसण्यावारी गेलेलं खरं कोणी तपासत नाही, हे त्याला पुरतं कळलेलं होतं.

हल्ली मात्र थट्टा आटली होती. प्रयोगशाळेने दिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून एका रोपवाटिकेने खत घातलं आणि सगळी रोपं जळून गेली. मग आणखी तक्रारी आल्या. म्हणून तर तपासनीस आले होते. आज आकडा चुकला तर नोकरी जाणार होती, आणि नोकरीबरोबर राहतं क्वार्टरही.

“रंग कोणता आला?” तपासनिसांनी विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती.

“गुलाबी,” तो म्हणाला.

“बाई, तुम्ही सांगा.”

“गुलाबी,” तीही म्हणाली.

तपासनिसांनी चंबू उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना जवळ बोलावलं. त्या बाईंनी एकदा चंबूकडे पाहिलं, एकदा या दोघांकडे, आणि मान खाली घातली.

“हिरवं आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “हिरवंगार.”

पुढचं सगळं शांतपणे झालं. तपासनिसांनी आवाजसुद्धा चढवला नाही. दोघांनाही उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

संतापून त्याने बायकोला जिन्यात गाठलं. तिने हे का केलं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी लेक बाळंतपणासाठी आईला बोलावत होती आणि त्याने जाऊ दिलं नव्हतं. ती गेली असती तर ‘बस’ कोण म्हणणार होतं? पोरीने सगळं एकटीने निभावलं. तेव्हापासून बायको बदलली. बोलताना त्याच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. करपलेलं अन्न तसंच ताटात वाढू लागली. नातवाचा फोटो आला, तोही तिने जरा इकडेतिकडे फिरवला आणि बाजूला ठेवून दिला. राग आहे, निवेल आपोआप, असं म्हणून त्याने तिकडे काणाडोळा केला होता. आता तोच राग त्याच्या मुळावर उठला होता.

“उगवलास ना सूड?” तो म्हणाला. “केसाने गळा कापलास माझा. चारचौघांत!”

ती कठड्याला धरून उभी होती. खालची पायरी तिने पायाने चाचपली.

“सूड कसला हो? मला दिसत नाही,” ती म्हणाली. “डोळ्यांची नस सुकत चाललीय म्हणे. आधी रंग गेले. वर्ष होऊन गेलं त्याला.”

त्याला ते पटकन उमगलंच नाही.

“मग वर्षभर बस कशावर म्हणत होतीस?”

“तुमच्या श्वासावर. थांबायची वेळ आली की तुम्ही श्वास धरता. मी लगेच बस म्हणायचे. आज साहेब मागे होते. तुम्ही तोटी उघडली तीच श्वास धरून.”

तो पायरीवर बसला. नळीतलं आम्ल नेहमीच्या आकड्याजवळ आलं, की आता ती बस म्हणेल म्हणून त्याचे प्राण कानांत गोळा होत. त्याने धरलेला श्वास तो एवढाच होता. वर्षभर पोत्यांनी माती आली, तिचे आकडे गावोगाव गेले, लोकांनी त्यावर शेतं पेरली. आणि चंबूतला रंग कोणीच पाहिला नव्हता.

“अगं, मग मला सांगायचंस तरी!” त्याचा आवाज चिरकला. “असं अंदाजाने कसं काय रेटलंस?”

तिने त्याच्या आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला.

“अंदाजाने नाही हो,” ती म्हणाली. “मला वाटायचं, श्वास धरताय म्हणजे तुम्हाला थोडं तरी दिसत असेल.”