जुडितेच्या हाती पाच कार्डं

ऐक, तुला एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर वाटू दे, पण मधे तोंड घालू नको.

त्या वर्षी रेवुबुए नदीला पूर आला आणि इकडं आमच्या गोळ्या संपत आल्या. आमचा पाच जणांचा गट. पाचांनाही एचआयव्ही. दवाखाना नदीपलीकडं, चालत अख्खा दिवस. म्हणून पाळी लावलेली. दर महिन्याला एकानं पाचांची कार्डं न्यायची, स्वतःला तपासून घ्यायचं आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. एकाच्या पायावर पाच जण जगायचे. अकरा वर्षांत कुणाची एक गोळी चुकली नव्हती. गटातली थोरली लुर्देशआजी हे अशी सांगायची, जणू सरकारनं तिच्या गळ्यात हार घातलाय.

पाळी होती बाप्टिश्ता सुताराची. तो चिखलात घसरला, घोटा भोपळ्याएवढा झाला. मला आणि आल्बेर्तोला हिवताप. रोझालीना पोटुशी. आजीला तर अंगण ओलांडताना काठी लागायची. गोळ्या उरल्या चार दिवसांच्या.

तेवढ्यात कुंपणाशी जुडिते उभी. सुके मासे विकायची ती. जीभ अशी, की तिनंच मासे कापत असेल. आम्ही जमलो की हमखास विचारायची, "काय गं लुर्देश, आज कुणाची वरात दवाखान्याला?"

त्या दिवशी म्हणली, "कार्डं द्या इकडं. माझ्या दिराची होडी निघालीय. मला पलीकडं मासे विकायचेच आहेत."

रोझालीनाचा चेहरा उतरला. ती गटात आहे हे तिच्या सासूला ठाऊक नव्हतं. आजीला बाजूला घेऊन ती म्हणली, "आजी, हिच्या हाती कार्ड गेलं तर बाळंतपण रस्त्यावर होईल माझं."

"आणि गोळी चुकली तर तुझ्या पोटातल्याचं काय?"

रोझालीनानं आपलं कार्ड पुढं केलं. आजीनं पाची कार्डं प्लास्टिकात गुंडाळून दिली.

"वाचत बसू नको," आजी म्हणली.

"मला काय दुसरे धंदे नाहीत?" म्हणत जुडिते गेली.

दुसऱ्या दिवशी यायची ती आली नाही. तिसऱ्या दिवशी एक नावाडी आला. म्हणला, "जुडिते? दवाखान्याच्या ओट्यावर बसलीय. मांडीवर कार्डं, शेजारी नर्सबाई. दोघी खिदळतायत."

बाप्टिश्ता पाय शेकत होता. म्हणला, "मासेवालीच्या हाती नावं दिली आपण. तोलून विकेल आता."

रोझालीनानं पुढ्यातला मक्याचा शिमा तसाच ठेवला. माहेरी जायला गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं तिनं.

चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी शेवटची गोळी घेतली. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

दुपारी जुडिते आली. कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर पिशवी.

"होडी उलटली जाताना. मासे गेले सगळे," ती म्हणली. "नर्सबाईनं थांबवून घेतलं, पाणी उतरेपर्यंत. ही घ्या तुमची मिठाई. कोरडी आहे."

रोझालीनानं हळूच विचारलं, "मावशी, कुणाला काही बोललात?"

"बोलले की. वाटेत तुझी सासू भेटली, तिला म्हणलं, सुनेला मासे खाऊ घाल, हडकलीय पोर. बाकी काय बोलायचं होतं?"

रोझालीनानं तिच्या डोक्यावरची पिशवी उतरवून आजीपुढं ठेवली.

आजीनं पिशवी उघडली. मी नाव वाचायचो, ती त्या कार्डावर पाकीट मांडायची. तिचं, बाप्टिश्ताचं, रोझालीनाचं, आल्बेर्तोचं, माझं. सगळी बरोबर. एवढा पूर, तरी गट चुकला नाही. आजीची मान अशी ताठ झाली, की काठी विसरली.

मग तिनं पिशवीत परत हात घातला.

"एक जास्त आलं. नर्सबाईची चूक दिसतेय. कुणाचं गं हे?"

जुडिते पायाचा चिखल खरवडत होती. "वाच की."

आजीला कुठलं वाचता येतंय. तिनं पाकीट माझ्याकडं सरकवलं. त्याला एक जुनं कार्ड बांधलेलं, कोपरे झिजलेले. मी अक्षर अक्षर जुळवत वाचलं. नाव जुडितेचं. पहिली तारीख आमचा गट सुरू झाला त्याच्याही आदल्या वर्षाची.

तेव्हापासून गट सहा जणांचा. ती बघ, जुडिते येतेय. या महिन्याची पाळी तिचीच होती. आता तिला काही विचारू नको. जरा सरकून बस, आणि डोक्यावरची पिशवी उतरवायला हात दे तिला.