दुसरी पुडी

सगुणाला जंतू सापडायला हवे होते.

शाळेच्या खोलीत बसलेल्या बाकीच्या बायका आपल्यात काही निघू नये म्हणून जीव मुठीत धरून होत्या. ही एकटी उलटी. जंतू निघाले की दुखणं ठरणार होतं. दुखण्याला औषध असतं, आणि औषध असलं तर मूल होत नाही म्हणून नवऱ्यासाठी वालूरला बघितलेली दुसरी सोयरीक थांबणार होती. नवऱ्यानं तसा शब्दच दिला होता. "रोग निघाला तर दवा करू. न्हाई निघाला, तर तूच सांग मी काय करावं." किशन पूर्णेला रेल्वेत गँगमन. बोलणं रुळासारखं सरळ.

डॉक्टरीणबाईंची जीप नामांतराच्या बंदात अडकून उशिरा आली. मागच्या महिन्यात त्यांनी याच खोलीत पिंगळीतल्या बायका तपासल्या होत्या. कुणाच्या अंगावरून पांढरं जायचं, कुणाचं ओटीपोट दुखायचं, कुणाला मूल राहत नव्हतं. कापसाच्या काडीवर आतलं पाणी घ्यायचं, काडी काचेच्या नळीत घालायची आणि मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत त्यातले जंतू वाढवून बघायचे. वाढवून! त्यावर बायकांतली दगडाबाई आठवडाभर हसत होती. "आपल्या लेकरांला दूध मिळंना, अन् हे लोक जंतू पाळायलेत."

"सगुणाबाई," डॉक्टरीणबाईंनी कागद उलटला. "तुमच्यात काही सापडलं नाही."

शेजारी बसलेली सासू, धुरपताबाई, गुडघ्यावर हात देत उठली. "बरं झालं माय. पोरीत रोग न्हाई." दारापर्यंत गेली, वळली, आणि खरंच वाईट वाटल्यासारखी म्हणाली, "म्हंजी मग कूसच वांझ." मग किशनला सांगायला ती घराकडं निघाली.

सगुणा हलली नाही.

"बाई, निघायला पायजे होतं. मला आग होती. कळ येती. पुन्यांदा बघा."

"कुणाच्यातच निघालं नाही हो." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "अख्ख्या गावात एकीच्याही नाही. असं होत नसतं." मग त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. "त्या दिवशी इथं यायच्या आधी काही लावलं होतं का कुणी?"

"लावलं न्हाई बा," दगडाबाई म्हणाली. "चांगलं धुऊन आलो होतो."

"कशानं?"

"लिंबाचा पाला उकळून, त्यात तुरटी फिरवून. आतून बी धुतलं. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईम्होरं घाण घिऊन यावं का?"

बायकांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातली एक म्हातारी तर शाबासकीची वाट बघत असल्यासारखी हसली. सगुणाला सासूनं पेटवलेली चूल आठवली. भगुनं उतरवून सासूनं स्वतः पाणी काढून दिलं होतं. नीट धू, घरच्या अब्रूची गोष्ट हाय, असं बजावलंही होतं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा परत घातला. त्यांनी त्या दिवशी सगळं विचारलं होतं. पाळी कधी आली, गोळ्या कुठल्या खाल्ल्या, लेकरं किती. धुऊन येऊ नका, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

"म्हणजे काडीला लागणारे जंतू तुम्ही आधीच मारले," त्या म्हणाल्या. "खोल आहेत ते आहेत तसेच."

"मग आत्ता घ्या की. आज म्या काईच धुतलं न्हाई."

बायका हसल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काड्या संपल्या, सगुणाबाई. या पाहणीची मुदतही संपली. झालं ते मी लिहीन वर. पण पुन्हा कुणी येईल असं नाही सांगू शकत." त्यांनी पिशवीतून गोळ्या काढल्या आणि कागदाच्या दोन पुड्या बांधल्या. "तुमचं ऐकून देतेय. ही तुमची, ही मालकांची. दोघांनी बरोबरच घ्यायच्या. तुम्ही एकट्यानं घेतल्या, तर त्यांच्याकडून तुम्हाला परत होईल."

सगुणा घरी पोचली तेव्हा किशन धुतलेला सदरा घालून ओसरीवर चपला झाडत होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं. काड्या, पाला, तुरटी.

"आता माझ्या तुरटीवर आली का?" सुपात धान्य पाखडता पाखडता धुरपताबाई म्हणाली.

"तपासलं त्यांनीच, न्हाई म्हणले त्यांनीच," किशन म्हणाला. "आता पुन्हा हाय म्हणायलेत. अन् ही पुडी मला कशाला? माझ्या अंगावरून जायलंय का काही?"

"तुमी पूर्णेला सुया टोचून घेतल्या होत्या." सगुणा त्याच्या चपलांकडं बघत बोलली. "लघवीला आग व्हायची तवा."

सूप थांबलं.

"ते उष्णतेचं होतं," किशन म्हणाला. आईकडं त्यानं बघितलं नाही. "कवाच बरं झालं ते." त्यानं पुडी ओसरीच्या कडेला टाकली आणि पायऱ्या उतरला. सेलूच्या गाडीची वेळ झाली होती, तिथून वालूर.

तो वळणाआड गेला. मग सगुणानं खाली वाकून पुडी उचलली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली आणि पदराच्या टोकात बांधायला घेतली.

"त्यो घेत न्हाई म्हणला ना," धुरपताबाई म्हणाली. आवाज मघासारखा राहिला नव्हता. "मग कुणासाठी ठिवायलीस?"

सगुणानं गाठ दातानं आवळली.

"वालूरच्या पोरीला," ती म्हणाली. "तिला लागतील."