आतल्या बाजूचे तीन नट

घोडी दारातच अडली. घोडी म्हणजे गॅरेजवाल्यांची: चार चाकांची लोखंडी चौकट, तिला साखळीने टांगलेलं छप्पन्न सालच्या डॉज गाडीचं अख्खं इंजिन, आणि हे सगळं घाटकोपरला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात. पुढची चाकं उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये, मागची आत. बाहेर खंडू मिस्त्री आणि त्याची दोन माणसं, आत नंदकिशोर आणि त्यांची बायको शुभा. लिफ्ट चार पावलांवर उघडी उभी, आणि इंजिन ना पुढे जाई, ना मागे येई.

"काका, वाट लागली," खंडू पलीकडून म्हणाला. साखळीच्या फटीतून त्याचा एक डोळा तेवढा दिसत होता. "दार मोजलं नव्हतं काय?"

मोजलं होतं की! सहा वर्षांपूर्वी मोजलं होतं. तेव्हा हे सेफ्टी डोअर कुठे होतं? गेल्या वर्षी नंदकिशोरांनी स्वतः उभं राहून ते बसवून घेतलं, आणि त्याच्या चौकटीने दोन इंच खाल्ले. पिस्टनच्या बाजूची केसाएवढी फट भिंग लावून मोजणारा हा माणूस. घराच्या दाराला परत एकदा टेप लावायचं काही सुचलं नाही. शुभाने घड्याळाकडे पाहिलं.

"अहो, तीन वाजले. साडेचारला मुलुंडला डॉक्टरकडे पोचायचंय."

"तुझे गुडघे एक दिवस थांबतील गं."

गाडी त्यांच्या वडिलांची. खाली कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली उभी. रिटायर झाल्यावर नंदकिशोरांनी तिचं इंजिन खोललं, एकेक भाग वर आणला, लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या, गंधालीच्या खोलीत धुतला, घासला आणि सगळं परत बांधलं. स्वतःच्या हातांनी. आज ते खाली नेऊन गाडीत बसवायचं होतं. खंडूने तीनदा सांगितलं होतं, मरोळला माझ्याकडे पाठवा, आठ दिवसांत बांधून देतो. पण नाही म्हणजे नाही.

"काका, ऐका," खंडू म्हणाला. "तो मॅनिफोल अडकलाय. धुराची बिडाची नळी, ती. तेवढी काढली की सुटलं. तीन नट आहेत, तिन्ही तुमच्या बाजूला. माझा हात नाही पोचत. तुम्ही खोला ना, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं! नंदकिशोरांचा उजवा हात खिशात होता. वर्षभर तो असाच होता; खिशात, पाठीमागे, नाहीतर उशीखाली. चहा डाव्या हाताने, पेपर मांडीवर पसरून. यातला शेवटचा नट आवळायला त्यांना मे महिन्यातली अख्खी दुपार लागली होती, तीही खोलीला आतून कडी लावून. इंजिन बांधून झालं म्हणून पेढे वाटले, पण हे कोणाला सांगितलं नाही.

"अर्ध्या इंचाचा पाना सापडत नाहीये रे!" ते ओरडले.

"तुमच्या पायाशी आहे," शुभा म्हणाली.

होता खरा. आता जायचं कुठे? बाहेर पडावं तर दारात इंजिन. खोलीत जाऊन कडी लावावी तर पॅसेजमध्ये तीन माणसं खोळंबलेली. आणि शुभा तर समोरच उभी. स्वतः बांधलेल्या इंजिनाने स्वतःलाच कोंडून घातलं होतं. ते खाली बसले, हात खिशातून काढला, पाना उचलून नटावर धरला.

टक टक टक टक. पाना नटावर बसेना, नुसता बिडावर वाजत राहिला.

"काका, ठोकताय कशाला?" बाहेरून खंडू. "ठोकू नका, फिरवा!"

त्यांचे कान तापले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले. टक टक टक टक.

"अहो काका, चाललंय काय?"

"शुभा, तू आत जा," ते म्हणाले. "जा म्हणतो ना! चहा टाक सगळ्यांना."

शुभा गेली नाही. ती सरळ त्यांच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसली. गुडघ्यांनी काही कुरकुर केली नाही.

"अपॉइंटमेंट माझी नाहीये," ती बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली. "तुमची आहे. हाताची."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? वर्षभर तुमचे शर्ट बटणं लावलेलेच धुवायला पडतात. डोक्यातून काढता आणि टाकता. मला काय कळत नाही?"

नंदकिशोरांनी तोंड फिरवलं. लाज वाटत होती, तिचा रागही आला होता, आणि रडू येईल की काय अशी भीती वाटत होती. तेवढ्यात तिचा तळवा त्यांच्या मुठीवर आला आणि तिने तो जोरात दाबला. टकटक थांबली. पाना नटावर बसला.

"कुठे फिरवायचा?"

"डावीकडे."

दोघांनी मिळून जोर लावला. नट कुरकुरला, जागचा हलला आणि सुटला.

"झकास!" खंडूने बाहेरून टाळी वाजवली. "बघा, उगाच घाबरत होतात. काका, हात आहे राव तुमचा!"

शुभाने हात काढला नव्हता.

"आता दुसरा दाखवा," ती म्हणाली.